पाणी देणाऱ्यांची वही

तिकोणा पेठेच्या अलीकडे एक चढ लागतो. शनिवार-रविवारी त्या चढावर आबा पत्र्याचा डबा घेऊन उभे असायचे. डब्यात पाणी, काखेत एक जाडजूड वही. पवना धरणाकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असायची, आणि हा ऐंशीच्या घरातला माणूस प्रत्येक गाडीच्या नाकाकडे डॉक्टरने पेशंटकडे बघावं तसा बघायचा. एखादी गाडी कडेला थांबली की लगबगीने जायचे.

"तापली का?"

काच चार बोटं खाली यायची. "नाही काका, फोटो काढतोय."

"पानी हाय."

"नको, आमच्याकडे बाटल्या आहेत."

"तुमाला न्हाई हो. हिला." आबा बॉनेटवर हात ठेवायचे, आणि काच वर जायची.

आताच्या गाड्यांत कूलंट असतं, त्या अशा चढावर तापत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. अर्धं आयुष्य गाड्यांखाली आडवं पडून गेलेलं. तरी उभे राहायचे. "एकांदी तापंल की," म्हणायचे. मला त्या काचा वर करणाऱ्यांचा संताप यायचा. आबांना यायचा नाही, आणि त्याचाही मला संताप यायचा.

मी पत्रकं लिहिते. एका पानात अन्याय, मागणी आणि इशारा बसवायचा, खाली सह्या घ्यायच्या आणि साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, हे माझं काम. आबांच्या दारात पहिल्यांदा गेले तीही सहीसाठीच. वरच्या वाड्यांना एसटी हवी म्हणून. मी तावातावाने पत्रक वाचून दाखवत होते आणि आबा माझ्या मोटरसायकलभोवती फिरत होते. मग उकिडवे बसले, इंजिनाच्या पात्यांवरून बोट फिरवलं.

"हिला पानी लागत न्हाई."

"नाही. ती हवेवर थंड होते."

"तरीच."

"तरीच काय?"

"तरीच तुला मानसं म्हाईत न्हाईत. तुला थांबायचं कामच न्हाई. पानी मागाया उतराया लागतं, पोरी."

मी गावोगाव हिंडणारी, शेकडो माणसांच्या सह्या घेणारी, आणि हे मला माणसं माहीत नाहीत म्हणतात! मी बरंच काही बोलले. त्यांच्या सूनबाई ओट्यावर तांदूळ निवडता निवडता हसत होत्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू चोक वढूनच चालतीस. धूर लय हुतो. इंजान तापलं का चोक आत ढकलायचा आसतो." मग सही केली. नावापुढे लिहिलं : ड्रायव्हर.

पुढे महिन्यातून एकदा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे तळेगावला न्यायला लागले. मागे बसायचे, पण त्यांचा उजवा पाय सगळ्या रस्त्याने ब्रेक दाबत असायचा. माझ्या पोटरीला ते कळायचं. चढ आला की कानात सूचना : "दुसऱ्यात टाक. दुसऱ्यात. आगं, रडती बग ती." आणि पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असलं की माझ्या खांद्यावर थाप. थांब. उतरायचे, वहाणा हातात घ्यायचे, धोतर खोचायचे आणि घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे चालत जायचे. परत यायचे. मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असायच्या.

"चल. डावीकडनं घे. उजव्या अंगाला गोटा हाय."

"आबा, ही फरशी तुम्ही जन्मापासून बघताय."

"काल गोटा न्हवता."

ही सवय त्यांना कुठे लागली, ते मला हळूहळू कळलं.

लोणावळ्याला एक बंगला होता. त्याच्या मालकाला नकाशांचं वेड. नकाशावर रस्त्याची रेघ जिथे संपते, तिथे बोट ठेवायचे आणि म्हणायचे, इथून पुढे जाऊ. आबा त्यांचे ड्रायव्हर. तेव्हा विशीतले. छप्पन साली घरादाराने धम्म घेतला तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. शाळेत गेले, अक्षर वळणदार झालं, आणि मग गाडी शिकले. त्या गाडीतून हे दोघं कच्छच्या रणात गेले, मारवाडच्या वाळूत गेले, हिमालयातल्या खोऱ्यांत गेले. मैलोगणती रस्ता नाही, पंप नाही, वाळूत चाकाखाली पोती अंथरायची आणि पुढे गेलं की मागची पोती उचलून परत पुढे अंथरायची. नदी आली की आबा आधी पायाने तळ बघून यायचे, मग गाडी घालायची.

"भीती नाही वाटायची?"

"कशाची? वाट चुकली तर चुकली, दुसरी घावती. भ्या येकच. पानी."

ती गाडी फार तापायची. दर तासा-दोन तासाला रेडिएटर पाणी मागायचा (आबा 'रेडेटर' म्हणायचे, मीही म्हणायला लागले). मग डबा घ्यायचा आणि दिसेल त्या वस्तीवर जायचं. मालक गाडीत बसायचे, त्यांच्यासाठी घरातून तांब्या यायचा. आबांना विचारणा व्हायची.

"कोन तू?"

"ड्रायव्हर."

"ड्रायव्हर कोन?"

"गाडीचा."

हे सांगताना आबा स्वतःच खो खो हसायचे. मला हसू यायचं नाही. काही जण तेवढ्यावर ओळखायचे आणि हात आखडायचे. पण गाडीसाठी पाणी म्हटलं की बरेच जण लांबून, वरून, डब्यात ओतायचे. गाडीची जात कोण विचारणार? तो डबा रेडिएटरमध्ये रिकामा करायचा, तळाशी चार घोट राखायचे, आणि ते आबा प्यायचे. वाळवंटात, ऊन टाळूत शिरत असताना, हा माणूस गाडीचं उष्टं पाणी पीत होता. मी हे ऐकलं त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही.

"मालकाला कळत नव्हतं?"

"कळलं येकदा. तांब्या घेऊन खाली उतरला, म्हनला, आधी तू पी. घरवाला बघत व्हता. आमाला दोगांनाबी तितनं हाकललं." परत हसू. "मालक वाईट न्हवता, पोरी."

मालक वाईट नव्हता, हे माझ्या पत्रकाला फार अडचणीचं होतं.

आणि ती वही. पहिल्या प्रवासाला निघताना घेतलेली, कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात पेट्रोल नाही, मैल नाहीत, देखावे नाहीत. फक्त कुठे आणि कुणी पाणी दिलं. 'खारी जमीन. म्हातारा, एक डोळा. अर्धा घडा. नाव विचारलं तर हसला.' 'वाळूत चार झोपड्या. निळी ओढणी, हातात चांदीचं कडं. तिचा नवरा उंटावरून पाणी आणतो, दोन दिवसांनी. तरी दिलं. मला ओंजळीत दिलं.' 'बर्फाखालचं गाव. पोरसवदा साधू. बर्फ वितळवून.' ज्यांची नावं कळली त्यांची नावं, ज्यांची नाही त्यांच्या गालावरचा तीळसुद्धा. चढावर उभे असताना हीच वही काखेत असायची. गाड्या थांबल्या नाहीत की आबा दगडावर बसून ती वाचायचे.

"ज्यांनी हाकललं त्यांची कुठे आहेत?" मी विचारलं. मला तीच हवी होती.

"ती कशाला लिवायची?"

"पुरावा म्हणून!"

"परत तितनं जायचं झालं आसतं, तर मला कोन आठवाया पायजेल? देनारा का न देनारा?" आणि वही माझ्या हातातून काढून घेतली. "तुज्या कागदावर लिव त्यांची नावं. ह्याच्यात जागा न्हाई."

मग तो बोर्ड आला. बंगल्याचं आता रिसॉर्ट झालंय. मालक कधीच गेले. त्यांच्या नातीने ती जुनी गाडी शेडमधून काढून दुरुस्त केली, फाटकाशी काचेच्या छपराखाली उभी केली आणि शेजारी पाटी लावली : 'या गाडीतून आमच्या आजोबांनी वाळवंट आणि हिमालय एकट्याने पार केले.' पंधरा दिवसांनी समारंभ होता. गाडी सुरू करून दाखवणार होते.

एकट्याने! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोती कुणी अंथरली? नदीचे तळ कुणी पायाने शोधले? मी रात्रीत पत्रक लिहिलं, गठ्ठाभर छापून घेतलं आणि पहिला कागद आबांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून वाचला. मी कौतुकाची वाट बघत होते.

"हे काय लिवलंस? 'वास्तविक गाडी आबांनी एकट्यांनी चालवली, मालक मागच्या सीटवर झोपून होते.'"

"मग? असंच असणार."

"आसनार?" आबांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "वाळूत मला ताप भरला व्हता. चार दिस मालकानं गाडी हाकली. पोती त्यानं हातरली. मला मागच्या शिटावर झोपवलंतं, डोक्यावर वल्लं फडकं ठेवून. तू त्याला झोपवलंस पोरी, झोपलोतो मी!"

"आबा, पण त्यांनी तुमचं नाव पुसलं—"

"आन् तू त्याचं पुसतीस. आन् हिचं?" वहीवर बोट आपटलं. "ह्या कडंवालीनं पानी दिलं नसतं तर त्यो बी मेला आसता आन् मी बी. म्हनं एकट्यानं!"

मी गठ्ठा तिथेच टाकून निघाले. खरं सांगते, रडले, पण रागाने. दोन दिवसांनी परत गेले तर सूनबाई म्हणाल्या, "चुलीत घालू म्हटलं तर देईनात. मागची बाजू कोरी हाये म्हनत्यात." आबांनी सगळा गठ्ठा दोरीने बांधून फडताळात ठेवला होता.

त्या दुपारी मी वही पहिल्यांदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. ती शेवटल्या ओळीपर्यंत भरलेली होती. आणि वाचताना मला जे शोधायचं नव्हतं तेच मी शोधायला लागले. आमचं गाव.

आमचं गाव मावळातलंच. नाव लिहीत नाही. आजूबाजूचं कुठलंही लिहिलं तरी खोटं ठरलं नसतं. आमच्या घरची मोठी विहीर आहे. माझे आजोबा लहानपणी आम्हाला गोष्ट सांगायचे : गावात पहिल्यांदा गाडी आली ती कशी फुसफुसत आली, कशी वाफ सोडत आपल्या विहिरीशी थांबली, ड्रायव्हर कसा डबा घेऊन उभा राहिला. "आमी म्हटलं, जा वढ्यावर!" आजोबा ओढ्याच्या दिशेने हात करायचे, आणि आम्ही पोरं हसायचो. ओढा दीड मैल खाली आहे. मीही हसायचे. किती वर्षं हसले!

वहीत लोणावळा होतं, आंबी होतं, टाकवे बुद्रुक होतं. आमचं नव्हतं.

"आबा, तुमची गाडी आमच्या गावावरून गेली होती ना?"

"गेलती की. येकदा."

"तिथे तापली नव्हती?"

आबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. बाहेर कुठलीशी गाडी चढ चढत होती, तिचा आवाज संपेपर्यंत ऐकला.

"न्हाई," म्हणाले. "तितं न्हाई तापली."

इतका वाईट खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. आणि मी, जगाला जाब विचारणारी, वही मिटून त्यांच्या हातात दिली.

मालकांच्या नातीला मात्र मी जाऊन भेटले. भांडायच्या तयारीने गेले होते. ती बिचारी म्हणाली, "मला माहितीच नव्हतं हो. पाटी बदलू. त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत घालू. समारंभाला त्यांना आणाल?" मी जिंकले होते. धावत आबांकडे आले. पाटीवर त्यांचं नाव येणार, इतक्या वर्षांनी!

"आन् बाकीच्यांची?" आबांनी वही पुढे केली.

"आबा, पाटी केवढी, वही केवढी! बसणार कशी?"

"मग माजं बी नको."

मी हात जोडले, ओरडले, सूनबाईंना मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी म्हणाले, "येतो मी. पन त्या पोरीला सांग, माजं नाव लिवायचं न्हाई. काय करायचं त्ये मी तितं सांगतो. आन् रेडेटरमदी बोअरचं पानी घालू नका म्हनावं, क्षार धरतो. विहिरीचं पायजेल." मग डबा माझ्यापुढे सरकवला. "तुमच्या विहिरीचं आन. गोडं हाय."

"तुम्हाला काय माहीत गोडं आहे?"

"ऐकून हाय," आबा म्हणाले आणि उगाच वहाणा शोधायला लागले.

समारंभाच्या सकाळी मी आबांचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्या विहिरीवर गेले. आजोबा तिथेच बाजेवर उन्हाला बसले होते. नव्वदीला टेकलेत, पण नजर शाबूत.

"कुनाला पानी?"

"गाडीला."

"कुटली गाडी?"

"तीच."

आजोबा डब्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी वेडंवाकडं बोलतील, आणि मी तयार होते. सगळी पत्रकं जिभेवर आली होती. ते उठले. काठी टेकत आले. "बादली माज्याच हातात व्हती त्या दिशी," म्हणाले. "भरल्याली." मग माझ्या हातातून डबा घेतला, दोनदा खळखळून धुतला, आणि भरेपर्यंत धरून उभे राहिले. त्यानंतर ती गोष्ट त्यांनी घरात कुणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

लोणावळ्याला फाटकाशी चाळीसेक माणसं होती. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवर हात ठेवून जरा थांबले. मग माझ्याकडे हात केला. मी डबा दिला. रेडिएटरचं झाकण फडक्याने धरून उघडलं, पाणी ओतलं, हळू, कान लावून. आणि तळाशी चार घोट राहिले तेव्हा थांबले. डबा तोंडाला लावला. प्याले.

माझ्याकडे बघून मान हलवली. गोडं होतं.

मग म्हणाले, "रंग आना."

नात गोंधळली, पण फाटकाचं काम करणाऱ्या सुताराकडे पांढरा रंग होता. आबांनी ब्रश घेतला, पाटीजवळ गेले आणि एकच शब्द पुसला. 'एकट्याने.' कडा नीट धरून, सावकाश, अक्षराचा मागमूस राहू नये असा. आता पाटीवर आजोबा होते, वाळवंट होतं, हिमालय होता, आणि मध्ये बोटभर रिकामी पांढरी जागा.

"इथे काय लिहू, आबा?" नातीने विचारलं.

"कायबी नको. ऱ्हाऊं दे मोकळी. मावत्याल सगळी."

गाडी तिसऱ्या हँडलला सुरू झाली. नात चालवायला बसली, आबा शेजारी. फाटकापासून वळणापर्यंत गेले आणि परत आले. गाडी समोरून गेली तेव्हा मी त्यांचा उजवा पाय बघितला, फळीवर दाबलेला. आणि आवाज ऐकला : "दुसऱ्यात टाक, बाय. दुसऱ्यात."

गाडी तापली नाही.

आबा त्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. विहारातला कार्यक्रम झाल्यावर सूनबाईंनी वही माझ्या हातात ठेवली. "तुमाला द्या म्हनलं व्हतं." मी शेवटचं पान उघडलं. वही तर भरलेली होती, म्हणून त्याच्यावर भाताच्या खळीने एक कागद चिकटवला होता. माझंच पत्रक, कोरी बाजू वर. वळणदार अक्षरात आमच्या गावाचं नाव. त्याखाली लिहिलं होतं :

'विहीर, घरची. डबाभर. नातीने आणलं, आजोबाने भरलं. उशीर झाला. पाणी गोडं.'

नाव दोघांचंही पूर्ण लिहिलं होतं. आजोबांचं आधी.

पत्रकं मी अजून लिहिते, आणि धूरही अजून पुष्कळ निघतो. माझ्या मोटरसायकलला पाणी लागत नाही. तरी नव्या गावात शिरले की पहिल्या घराशी मी ती बंद करते, उतरते, आणि मागते.